गेरूच्या दोन सरळ रेघा

चैत्र लागला की हिंगणघाटात कापसाची धावपळ ओसरते. जिनिंगचे भोंगे थंडावतात, सरकीचा तेलकट वास हवेतून उतरतो, वेणा नदी डोहाडोहांत तुटून पडते आणि गावोगावी घरं मोडायचे दिवस येतात. पावसाच्या आत नवं उभं करायचं तर जुनं आताच पाडायला हवं. छपरावरचे कवेलू उतरतात, भिंती बसतात आणि मातीच्या ढिगाऱ्यातून जुन्या नाटा बाहेर निघतात. नाट म्हणजे घराची तुळई. सागाची, बिजाच्या झाडाची, धुरानं काळी पडलेली, अंगावर चुन्याचे पोपडे. बैलगाडीत लादून लोक त्या आमच्या आरा मशीनवर आणतात, चिरून घ्यायला. कोणाला चौकटी हव्या असतात, कोणाला पलंग.

बाहेरून कोळशासारखी दिसणारी नाट करवतीच्या पट्ट्याखाली गेली, की पहिल्याच फळीला आतून मधाच्या रंगाची निघते. आणि वास! किती तरी उन्हाळे आत कोंडून राहिलेलं तेल एकदम सुटावं तसा. माझ्या तरुणपणी मला हा वास फार आवडायचा. गेली बारा वर्षं तो आला की मी उठून शेडच्या मागे जाऊन उभा राहतो. मशीनवरची माणसं म्हणतात, "बाबूजीले भुशाचा त्रास हाय." मी कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न करणं हाच माझा खरा धंदा झाला आहे. मशीनवरची देखरेख हे आपलं नावाला.

या चैत्रात मालकाचा मुलगा म्हणाला, "बाबूजी, मागच्या शेडीत ते सागवान कितीक वर्षाचं पडून हाय. नागपूरचं गिऱ्हाईक हाय, त्याले जेवाचा टेबल कराचा हाय. काढा बरं ते."

मी ताडपत्री ओढली. धूळ उडाली, दोन पाली पळाल्या. नाट होती तिथंच होती, अर्धी चिरलेली. टोकाला गेरूच्या दोन बोटांच्या दोन रेघा. तिथवर पाऊस कधी पोचला नव्हता, म्हणून त्या काल ओढल्यासारख्या लाल होत्या.

आणि सरळ होत्या. अगदी सरळ.

आता हे सांगायलाच हवं. ही नाट ज्या गावची, त्याचं नाव लिहीत नाही. एका गावाचं नाव लिहिलं की बाकीची गावं सुटतात.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. आमच्या मशीनवर सुखदेवजी जुन्या लाकडातले खिळे काढायला होते. तेव्हा मी त्यांना 'सुखदेव' म्हणायचो आणि अरे-तुरे करायचो. ते माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. पट्टा चालवणारे मिस्त्री हरबाजी त्यांच्याच वयाचे. पण त्यांना मात्र माझ्या तोंडून आपसूक 'जी' निघायचं. एकाला जी आणि एकाला नुसतं नाव, हे माझ्या जिभेला कोणी शिकवलं ते मला आठवत नाही. रोहण्याला, माझ्या गावी, आमच्या घरी सगळ्यांच्याच जिभेला ते येत होतं.

खिळे काढणं म्हणजे पक्कड घेऊन ओढणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या मशीनवर एक दिवस बसून पाहायला हवं होतं. दिसणारा खिळा कोणीही काढतो. माणूस मारतो तो न दिसणारा. डोकं तुटलेला, लाकडानं गिळलेला. पट्टा म्हणजे दोन मोठ्या चाकांवरून धावणारी पोलादी करवत. तिच्या दातांना लोखंड भेटलं की ती तुटते आणि तुटली की कुठं जाईल ते तिलाही ठाऊक नसतं. म्हणून सुखदेवजी आधी नाटेवर ओलं फडकं फिरवायचे. लोखंड असेल तिथं लाकूड निळंकाळं पडलेलं दिसायचं. मग हातोडीनं हळू ठोकत, कान लावून ऐकत जायचे. शेवटी मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक सुतळीला बांधून नाटेवरून बोटभर उंचीनं हळूहळू फिरवायचे. आत लोखंड असलं की सुतळी ओढली जायची. थोडीशीच, त्यांनाच कळायची.

हरबाजी विडी फुंकत विचारायचे, "काय म्हणते पेशंट? ताप हाय काय?"

"तापबिप नाई. पोटात दुखून राह्यलं त्याच्या. खिळा खाल्ला म्हणते."

"मंग कर लवकर ऑपरेशन. मायी मशीन उपाशी हाय."

सगळं निघालं की सुखदेवजी गेरूच्या डबीत दोन बोटं बुडवून नाटेच्या टोकाला दोन रेघा ओढायचे. तो गेरू असल्याशिवाय हरबाजी नाट ट्रॉलीवर चढवत नसत. मालक आला तरी नाही. सुखदेवजी डावखुरे होते, त्यांच्या रेघा नेहमी तिरक्या पडत. वाऱ्यात वाकलेल्या ज्वारीच्या ताटांसारख्या. आमच्या अंगणात त्या रेघा हजार वेळा पाहिल्या नाहीत असा एकही माणूस नव्हता.

हेही लिहितो, कारण आज काही वगळायचं नाही. दुपारच्या चहाला सुखदेवजींचा गिलास वेगळा होता. कुंपणाच्या तट्ट्यात खोचलेला असायचा. हरबाजी त्यात चहा वरून ओतायचे, गिलासाला गिलास लागू न देता. जोक करत करत ओतायचे. जिवाभावाचे मित्र, आणि वरून. मी ते रोज पाहत होतो आणि मला त्यात काही दिसत नव्हतं.

त्या वैशाखात एका गावच्या मंदिराचा जुना सभामंडप पाडला गेला. त्याची मधली नाट आमच्याकडे आली. चिरून गाभाऱ्याचे नवे दरवाजे करायचे होते. दोन दिवस ती अंगणात पडून होती. उतरवताना गाडीवाल्यानं तिच्यावर पाय दिला. कोंबड्या तिच्यावर बसल्या. कुत्र्यांनी तिच्यावर तंगडी वर केली. हे सगळं चाललं. माझा संताप इथं सुरू होतो आणि बारा वर्षं तो इथंच फिरून येतो. कुत्र्याचं चाललं.

तिसऱ्या दिवशी मंदिर कमिटीचे भाऊरावजी आले. डोक्याला पांढरा दुपट्टा, कपाळाला अष्टगंध. सुखदेवजी फडकं ओलं करून नाटेकडे निघालेच होते.

"बाबूजी," भाऊरावजी मला म्हणाले, "देवाची नाट हाय. तो नको."

"तपासाव लागते, भाऊरावजी. खिळे राह्यते."

"मंग तुम्ही तपासा. तुमाले हात नाई काय?"

सुखदेवजी कडुनिंबाखाली थांबले. तिथूनच म्हणाले, "बाबूजी, देवळातली नाट हाय ते. घंटेच्या कड्या राह्यते त्यात, आत मोडलेल्या. मी हात नाई लावत. दोरीनं चुंबक फिरवतो फक्त, वरून."

हात नाई लावत. दोरीनं. इतकं खाली उतरून त्या माणसानं आमच्या माणसाचा जीव वाचवायची परवानगी मागितली. तो नको होता तर तो घरी निघून जाऊ शकला असता.

भाऊरावजींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मलाच विचारलं, "अन दोरी कोणाच्या हातात राहीन?" मग थोडं हसून, "तुम्हीच सांगा, बाबूजी. तुमाले चालते काय?"

'चालते' म्हणायचं होतं. एक शब्द. भाऊरावजी माझे मालक नव्हते, सोयरे नव्हते, त्यांच्या गावाशी माझा काही संबंध नव्हता. मी त्यांच्याबरोबर थोडंसं हसलो.

पुढचं सगळं त्या हसण्यातून निघालं. मी पक्कड घेतली, दिसणारे तीन खिळे काढले. सुखदेवजींसारखी हातोडी ठोकून पाहिली. काय ऐकायचं तेच ठाऊक नव्हतं, तर काय ऐकू येणार? चुंबक मागू शकलो असतो. मागितलं नाही. ते त्यांच्या हातातलं होतं. मग डबीत दोन बोटं बुडवली आणि टोकाला दोन रेघा ओढल्या. सरळ. शाळेत समास आखतात तशा.

हरबाजी तोवर आत पट्ट्याला धार लावत होते. बाहेर येऊन त्यांनी गेरू पाहिला आणि नाट चढवली. दोन फळ्या सुंदर निघाल्या. तोच वास, तोच मध. तिसऱ्या फळीला जो आवाज आला तो लाकडाचा नव्हता.

घंटेच्या कडीचा मोडका दांडा होता. कोण्या जुन्या सुतारानं त्यावर सागाचाच डाट, बुचासारखा, ठोकून, घासून, तेल चोपडून तो असा बुजवला होता, की डोळ्याला दिसूच नये. इंजिन बंद झालं तेव्हा हरबाजी भुशात बसले होते. उजवा हात दुपट्ट्यात गुंडाळून त्याच्याकडे असं पाहत होते, जसं तो दुसऱ्याचा असावा. पहिला धावला तो कडुनिंबाखालचा माणूस. त्यानं हरबाजींना उचललं, मालकाच्या जीपमध्ये घातलं, मांडीवर डोकं घेतलं. तेव्हा कोणी विचारलं नाही, चालते काय म्हणून.

हरबाजींची तीन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मालकानं विचारलं, "गेरू कोणाचा होता?"

मी म्हटलं, "गेरू सुखदेवच लावते."

यातला एकही शब्द खोटा नाही. या वाक्याचं मला तेव्हा बरंच वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं. खोटं बोलणारा निदान खोटं बोलायची हिंमत तरी करतो. मी खऱ्याचाच खिळा केला आणि वरून डाट बसवला.

सुखदेवजी सगळ्यांना दाखवत फिरले. "हा गेरू माया नाई. मी डावखुरा हाव. पाहा ना, रेघा सरळ हाय." लोक आले, त्यांनी रेघा पाहिल्या, आणि मान हलवून आपापल्या कामाला लागले. सगळ्यांना दिसलं होतं. एकालाही बोलायची गरज वाटली नाही. सुखदेवजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले तेव्हा मी पट्ट्याचं चाक तपासत होतो. खूप वेळ तपासत होतो. संध्याकाळी मालकानं त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ते गेले. चुंबक खुंटीवरच राहिलं.

मला कोणी धमकावलं नव्हतं. कोणी पढवलं नव्हतं. लोक म्हणतात, परिस्थिती होती. कसली परिस्थिती? पोटभर जेवून, सावलीत बसून मी हे केलं.

आणि कमिटीनं काय केलं? रक्त लागलेली नाट देवाला चालत नाही म्हणून ती आमच्याकडेच टाकून दिली. निघालेल्या दोन फळ्याही नेल्या नाहीत. गाभाऱ्याला दुसऱ्या लाकडाचे दरवाजे झाले. ज्या पावित्र्यासाठी एकाची बोटं गेली आणि एकाचं नाव गेलं, ते पावित्र्य दुपारी बारापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

हल्ली कोणाच्या नव्या बंगल्यात गेलो की घरमालक टेबलावर थाप मारून सांगतो, "जुनं सागवान आहे बरं का! असं आता मिळत नाही." मी मान डोलावतो. ते झाड कोणी तोडलं, ती नाट कोणी खांद्यावर वाहिली, तिच्यातले खिळे कोणी कानानं शोधले, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांचे हात लागून लागूनच लाकूड घरात येतं. घरात आलं की म्हणे ते आमचं, आणि मग पॉलिश.

त्या दिवशी ताडपत्री बाजूला सारून मी खुंटीवरचं चुंबक काढलं. सुतळी हातात येताच तुटली, दुसरी बांधली. नाटेवरून बोटभर उंचीनं फिरवत गेलो. गेरूपासून दोन विती अंतरावर सुतळी ओढली गेली. दांड्याचा उरलेला तुकडा अजून आत होता. चहाला उकळी यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं वर्ध्याला आणि तिथून पिपरी मेघेला गेलो. सुखदेवजी तिथं मुलीकडे राहतात. सुजाताबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. दोन खोल्या, दारात सदाफुली. सुखदेवजी खाटेवर बसून गहू निवडत होते. खडे ओळखायला त्यांना डोळे लागत नव्हते, बोटंच पुरत होती.

"बाबूजी? या ना. बाई, चहा मांड."

"नको, आत्ताच घेऊन निघालो," मी म्हटलं. सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. उभ्याउभ्याच मी सगळं सांगितलं. चुंबक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते शेजारच्या लोखंडी पेटीला लावून पाहिलं. चिकटलं. "ताकत हाय अजून," म्हणाले.

मग म्हणाले, "मले काऊन सांगून राह्यले, बाबूजी? मले तं त्याच दिवशी माहीत होतं. ज्याले माहीत नाई त्याले सांगा. हरबाले सांगा."

सुजाताबाई दारात उभ्या होत्या. "बारा वर्षं कुठं होते तुम्ही? माया बाबाले कोण्या मशीनवर उभं केलं नाई कोणी. बोटंखाऊ म्हणत लोकं. बोटंखाऊ! विटाभट्टीवर माती तुडवली त्यायनं, अन मले शिकवलं. अन तुमचं आता मन मोकळं झालं, नाई?"

"बाई," सुखदेवजी म्हणाले.

"बोलू द्या मले, बाबा. तुम्ही बोललेच नाई कधी."

मी स्टँडचा रस्ता धरला.

हरबाजींचा पानठेला हिंगणघाटच्या बसस्टँडजवळ आहे. बारा वर्षं रोज संध्याकाळी मी तिथं पान खातो. डाव्या हातानं ते सुपारी कातरतात, उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी पान धरतात. अधूनमधून, आभाळ भरून हात दुखायला लागला की म्हणायचे, "त्या सुखद्याचं वाटोळं होवो." मी म्हणायचो, "चुना कमी लावा."

पिपरीहून आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी नाटेचं टोक हातकरवतीनं कापलं. तो तुकडा पिशवीतून नेला आणि त्यांच्या पितळी ताटाशेजारी ठेवला. गेरू वर. काय झालं ते सांगितलं.

हरबाजींनी तुकडा पाहिला. बोटानं रेघ चाचपली. एक गिऱ्हाईक आलं, त्याला "नाई पान" म्हणाले.

"रोज," ते म्हणाले. "रोज माया हातचं पान खाल्लं तुम्ही."

मी पिशवीची घडी घालत राहिलो.

"तुमाले शिव्या द्याव म्हनलं तं शिव्याच उरल्या नाई. सगळ्या दुसऱ्यालेच देल्या, बारा वर्षं." मग तुकड्याकडे पाहतच, "अन हे सरळ हाय. त्याचं तिरकं राहे. मी रोज पाहो. त्या दिवशी काऊन दिसलं नाई मले? त्यानंच उचललं ना मले? कोणाच्या तरी मांडीवर होतो मी."

"त्यांच्याच."

त्यांनी पानांवर ओलं फडकं टाकलं, ठेल्याची फळी लावली. "चाला."

एसटीत ते खिडकीशी बसले. शेतं उघडी पडली होती, वाऱ्यानं धूळ उठत होती. तुकडा त्यांनी मांडीवर ठेवला होता, गेरूची बाजू वर करून. शेजारी उभ्या बाईनं विचारलं, काय हाय हे, तर म्हणाले, "कागद हाय. सरकारी."

पिपरीला पोचलो. सुखदेवजी खाटेवरून उठले. हरबाजींनी तुकडा पुढे केला. मला वाटलं, आता रडतील. पण हरबाजींचा आवाज चढला.

"अबे, एकदा तं याचं होतं! दवाखान्यात नाई, घरी याचं होतं. माया कानात ओरडून सांगाचं होतं, हा गेरू माया नाई!"

"आलतो," सुखदेवजी म्हणाले. "दोनदा आलतो. तुया पोरानं दारातूनच परत धाडलं."

हरबाजी खाटेच्या कडेला बसले. न विचारता. त्यांनी आपला दोन बोटांचा हात सुखदेवजींसमोर धरला. सुखदेवजींनी तो दोन्ही हातांत घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला, जशी ते नाट पाहायचे.

"काय म्हणते पेशंट?" हरबाजींनी विचारलं.

सुखदेवजींनी हात सोडला नाही.

मी दारातच होतो. मला कोणी या म्हटलं नव्हतं, आणि म्हणावं असं मी काही केलंही नव्हतं. सुजाताबाई आतून चहा घेऊन आल्या. थाळीत चार कप, सगळे सारखे. एक हरबाजींनी उचलला. एक बापाच्या हाती दिला. तिसरा थाळीतच ठेवून त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या. परवाचं माझं 'आत्ताच घेऊन निघालो' त्यांनी नीट ऐकून ठेवलं होतं.

"आमच्या घरचा हाय," त्या म्हणाल्या. "तुमाले चालते काय?"

बारा वर्षांपूर्वी कडुनिंबासमोर हाच प्रश्न मला एकानं हसत विचारला होता. या हसत नव्हत्या.

"चालते," मी म्हटलं.

"मंग उभे काऊन?"